१० मेगाहर्ट्झचा रेफरन्स पाच उपकरणांना वाटायचा आहे: ॲम्प्लिफायर कसा असावा?

कंपनवेडा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक जीपीएसडीओ आहे, म्हणजे जीपीएसच्या वेळेला बांधलेला ऑसिलेटर. आत ओव्हनमधला क्वार्ट्झ ऑसिलेटर, बाहेर १० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह, ५० ओहमवर साधारण +१० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). हाच सगळ्या उपकरणांचा रेफरन्स, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा सामाईक आधार. आउटपुट एकच आणि मागणारे पाच: फ्रिक्वेन्सी काउंटर, स्पेक्ट्रम ॲनालायझर, सिग्नल जनरेटर, एक एसडीआर (सॉफ्टवेअर रेडिओ) आणि १० गिगाहर्ट्झच्या ट्रान्सव्हर्टरचा (रेडिओचा सिग्नल त्या बँडवर नेणारं यंत्र) लोकल ऑसिलेटर.

सध्या काउंटरच्या मागे टी कनेक्टर लावून तिथून पुढे जनरेटर, मग एसडीआर, अशी साखळी केली आहे. जनरेटर बंद-चालू केला की काउंटरचे शेवटचे अंक हलतात. ट्रान्सव्हर्टरवर स्वच्छ टोन यायला हवा तिथे घोगरा येतो.

आता नीट डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर बांधायचं ठरवलंय. वाचायला गेलो तर जो तो "लो नॉइज, लो नॉइज" म्हणतो. पण नॉइज नक्की कुठला? नॉइज फिगर (ॲम्प्लिफायरने स्वतः घातलेल्या नॉइजचं माप) कमी असलेला एमएमआयसी (एका चिपवरचा आरएफ ॲम्प्लिफायर) घेतला की काम झालं का? ऑपॅम्प चालतील का? की सुटे ट्रान्झिस्टर घेऊन बसायचं? बांधायची तयारी आहे, सोल्डरिंगचा कंटाळा नाही. पण कशासाठी काय करतोय ते आधी समजून घ्यायचंय.

अनुनाद

बांधण्याआधी ॲम्प्लिफायरची खरंच गरज आहे का ते बघा. आठ वाटांचा ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर ९ डेसिबल खातो, वर थोडा तोटा धरा. +१० आत घातले तर प्रत्येक वाटेवर ०च्या आसपास मिळतात आणि बऱ्याच उपकरणांना रेफरन्स इनपुटवर तेवढं पुरतं. त्यात वीज लागत नाही, स्वतःचा नॉइज जवळजवळ नाही, तापमानाने फार हलत नाही.

फक्त तीन रेझिस्टरचा स्प्लिटर करू नका. दोन वाटांना ६ डेसिबल तोटा होतोच, वर एका वाटेपासून दुसऱ्या वाटेला अटकावही तेवढाच, ६ डेसिबल.

स्थिरकंप

अनुनाद, स्प्लिटर वाईट नाही. पण कंपनवेडा यांनी जी लक्षणं लिहिलीत ती सिग्नल कमी पडल्याची नाहीत, एका उपकरणाची घाण दुसऱ्यात गेल्याची आहेत. म्हणून मी नॉइजच्या आधी आयसोलेशनबद्दल, म्हणजे वाटावाटांतल्या अटकावाबद्दल लिहितो. वितरणाचा ॲम्प्लिफायर आपण मुख्यतः त्यासाठीच बांधतो, आणि चर्चेत नेमकं तेच मागे पडतं.

प्रत्येक उपकरणाच्या रेफरन्स इनपुटमधून काही ना काही उलट बाहेर येत असतं. आतल्या ऑसिलेटरची गळती, डिव्हायडरच्या कडा, डिजिटल घड्याळाचा कचरा. समजा जनरेटरचा आतला ऑसिलेटर १० मेगाहर्ट्झपासून दहा लाखांत एक भाग सरकलेला आहे, म्हणजे १० हर्ट्झने. त्याची गळती तुमच्या रेफरन्समध्ये मिसळली की फेज सेकंदाला दहा वेळा मागेपुढे डोलते. किती डोलते याचा हिशोब सोपा आहे:

भेसळ ६० डेसिबल खाली असेल तर फेजचा झोका १ मिलिरेडियन. १० मेगाहर्ट्झला त्याचे होतात १६ पिकोसेकंद. ८० डेसिबल खाली असेल तर १.६ पिकोसेकंद, १०० खाली ०.१६, आणि १२० खाली ढकलली तर १६ फेम्टोसेकंद.

काउंटरला १.६ पिकोसेकंदाने काही फरक पडणार नाही. ट्रान्सव्हर्टरला पडतो. १० मेगाहर्ट्झवरून १० गिगाहर्ट्झ म्हणजे १००० पट, आणि गुणाकारात फेजची प्रत्येक गडबड २० लॉग एन (एन म्हणजे किती पट) या हिशोबाने वाढते, इथे ६० डेसिबलने. भेसळ ८० डेसिबल खाली होती, तिचा अर्धा वाटा ॲम्प्लिट्यूडमध्ये आणि अर्धा फेजमध्ये जातो, म्हणून फेजचे साइडबँड (मुख्य सिग्नलच्या, म्हणजे कॅरिअरच्या, दोन बाजूंच्या नको त्या रेषा) −८६ वर. गुणाकारानंतर ते −२६ डीबीसीला (कॅरिअरच्या तुलनेत डेसिबल) येऊन बसतात. १० हर्ट्झचा फरक पीएलएलच्या (रेफरन्सशी फेज जुळवत राहणाऱ्या सर्किटच्या) लूपच्या आतच असतो, त्यामुळे लूप ते गाळत नाही, इमानदारीने वर पोचवतो. तुमचा घोगरा टोन हाच असणार.

स्प्लिटरचं आयसोलेशन २० ते ३० डेसिबल, तेही मुख्य पोर्टला नीट ५० ओहम दिसत असतील तर. जीपीएसडीओचं आउटपुट खरोखर ५० ओहमचं आहे का, हे किती जण मोजतात?

म्हणून माझा क्रम असा: आधी उलट दिशेचा अटकाव, मग तापमानाने फेज किती सरकते ते, मग कॅरिअरजवळचा फ्लिकर (कमी फ्रिक्वेन्सीला वाढत जाणारा नॉइज), आणि नॉइज फिगर सगळ्यात शेवटी. नॉइज फिगर शेवटी का, तेही सांगतो. खोलीच्या तापमानाला थर्मल नॉइज −१७४ डीबीएम प्रति हर्ट्झ. त्यातला अर्धा फेजमध्ये, म्हणजे −१७७. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी +१० डीबीएम असतील तर कॅरिअरपासून लांबचा फ्लोअर −१८७ डीबीसी प्रति हर्ट्झ, वर नॉइज फिगरचा दंड. नॉइज फिगर ६ डेसिबल असली तरी −१८१. जीपीएसडीओतल्या क्वार्ट्झचा स्वतःचा फ्लोअर याच्या बराच वर असतो. अँटेनाच्या पुढचा ॲम्प्लिफायर पुसट सिग्नल उचलतो, म्हणून तिथे नॉइज फिगरसाठी जीव टाकायचा. इथे सिग्नल धडधडीत मोठा आहे. तो मोठाच ठेवा. आधी वीस डेसिबल पाडून मग पुन्हा वाढवला की तेवढे वीस डेसिबल फ्लोअरमधून गेले, ते परत मिळत नाहीत.

बोर्डवाला

स्थिरकंप यांचा क्रम मान्य, पण त्यासाठी सुटे ट्रान्झिस्टरच हवेत असं नाही. करंट फीडबॅकचे जलद ऑपॅम्प घ्या, एका वाटेला एक. गेन २, आउटपुटला मालिकेत ५० ओहम. बोर्ड लहान होतो, सगळ्या वाटा सारख्या वागतात, ट्यूनिंग काही नाही.

नॉइजचा हिशोब: फीडबॅक रेझिस्टर दोन-अडीचशे ओहमचे ठेवले तर अशा ऑपॅम्पच्या आउटपुटला सगळं मिळून ६ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ धरा. मालिकेतल्या ५० ओहममुळे लोडवर त्याचे निम्मे, ३. ५० ओहममध्ये ते होतात −१५७ डीबीएम प्रति हर्ट्झ. कॅरिअर +१० डीबीएम, फेजचा वाटा अर्धा, म्हणजे −१७० डीबीसी. बहुतेक जीपीएसडीओंना हे पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र तपासा: स्लू रेट, म्हणजे आउटपुट किती झपाट्याने बदलू शकतं ते. लोडवर +१३ डीबीएम हवे असतील तर तिथे शिखर १.४१ व्होल्ट, ऑपॅम्पच्या पायावर २.८३. १० मेगाहर्ट्झला कमाल उतार १७८ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. डेटाशीटमधला आकडा याच्या निदान दहापट असावा. कसाबसा पुरणारा ऑपॅम्प घेतला तर ॲम्प्लिट्यूडमधला प्रत्येक बारीक बदल फेजमध्ये उतरतो.

स्थिरकंप

हिशोब बरोबर. ऑपॅम्पची अडचण उलट वाटेची आहे. १० मेगाहर्ट्झला लूप गेन फारसा उरलेला नसतो, त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स शून्य नसतो. बाहेरून आत ढकललेला सिग्नल फीडबॅकच्या रेझिस्टरमधून इनपुटपर्यंत पोचतो आणि सगळ्या वाटांचं इनपुट एकच असतं. नीट मांडणी केली तर वाटेवाटेत ६० ते ८० डेसिबल मिळतात. काउंटर, ॲनालायझर, जनरेटर यांना पुष्कळ. ट्रान्सव्हर्टरच्या वाटेला मी सुटे ट्रान्झिस्टर लावेन.

सुट्या ट्रान्झिस्टरची मांडणी अशी: पहिला कॉमन एमिटर, एमिटरमध्ये बायपास न केलेला छोटा रेझिस्टर. त्याच्या कलेक्टरवर कॉमन बेस (या जोडीला कॅस्कोड म्हणतात), हवा तर त्याच्यावर आणखी एक कॉमन बेस. वरच्या कलेक्टरला २०० ओहम आणि ४:१ चा ट्रान्सफॉर्मर, बाहेर ५० ओहम. प्रत्येक वाटेत २० मिलिअँपच्या आसपास करंट. ट्रान्झिस्टर साधेच चालतात, दोन-चार पिकोफॅरडवाले.

कॉमन बेसचा फायदा बेस किती घट्ट ग्राउंडला बांधला आहे यावर उभा आहे. कलेक्टर ते बेस कपॅसिटन्स २ पिकोफॅरड धरा, १० मेगाहर्ट्झला तो ८ किलोओहम. बेसवरचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.१६ ओहम. मधल्या पायांचं इंडक्टन्स ५ नॅनोहेन्री असेल तर ०.३१ ओहम. बेसचा ग्राउंडशी इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या आत राहिला तर आउटपुटवरून येणारी घाण बेसवर ८० डेसिबलहून जास्त दबलेली असते. आता त्याच कपॅसिटरचे पाय लांब ठेवून इंडक्टन्स २० नॅनोहेन्री केलं तर ते एकटंच सव्वा ओहम झालं. सर्किट तेच, भाग तेच, नऊ-दहा डेसिबल गेले. म्हणून इथे एसएमडी (पायांशिवाय बोर्डवर सपाट बसणारा) कपॅसिटर, थेट ग्राउंड प्लेनवर, बेसला चिकटून.

रोहिणी

इथे फ्लिकरबद्दल लिहिते, कारण एमिटरमधला तो छोटा रेझिस्टर नुसता गेन ठरवायला नाही.

कॅरिअरच्या जवळ, १ हर्ट्झ, १० हर्ट्झ अंतरावर, थर्मल नॉइज मोजायचंच नसतं. तिथे ट्रान्झिस्टरचा स्वतःचा १/एफ नॉइज राज्य करतो. तो मुळात कमी फ्रिक्वेन्सीचा असतो. १० मेगाहर्ट्झच्या शेजारी तो येतो कारण तो बायस पॉइंट हलवतो. बायस हलला की ट्रान्सकंडक्टन्स आणि जंक्शनचा कपॅसिटन्स हलतो, आणि त्यांच्याबरोबर फेज. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या हॅलफोर्ड, वेनराइट आणि बार्न्स यांनी १९६८ मध्ये हे मांडलं आणि उपायही दिला: एमिटरमध्ये बायपास न केलेला छोटा रेझिस्टर. आजही चांगल्या आयसोलेशन ॲम्प्लिफायरमध्ये तो दिसतोच.

का चालतो ते आकड्यांत बघा. २० मिलिअँपला ट्रान्झिस्टरचा आतला एमिटर रेझिस्टन्स १.३ ओहम. हा करंटबरोबर हलतो. त्याच्या मालिकेत १० ओहमचा साधा रेझिस्टर घातला की एकूण ११.३, त्यातला हलणारा वाटा फक्त १.३. म्हणजे गेनची चंचलता साधारण नवव्या हिश्श्यावर आली. शिवाय तोच रेझिस्टर कमी फ्रिक्वेन्सीलाही फीडबॅक देतो, त्यामुळे मुळातला करंटही कमी हलतो. त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड लावून गेन वाढवायचा मोह होतो. तसं केलं की हे सगळं गेलं.

याचा तुम्हाला किती उपयोग? १ हर्ट्झला −१२० डीबीसीचा फ्लिकर असलेला ॲम्प्लिफायर मोजणीची बँडविड्थ १ किलोहर्ट्झ धरली तर १ सेकंदाला अॅलन डेव्हिएशनमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या अस्थिरतेचं माप) साधारण १ × १०⁻¹³ भर घालतो, आणि −१४० चा त्याचा दहावा हिस्सा. चांगला ओव्हन क्वार्ट्झ स्वतःच १ × १०⁻¹² च्या आसपास असतो, टेलिकॉममधले छोटे रुबिडियम १ सेकंदाला त्याहूनही वाईट. म्हणजे तुमच्या घड्याळाला −१३० मिळालं तरी भरपूर झालं. हायड्रोजन मेझर वाटणाऱ्यांना मात्र एकेक डेसिबल मोजावा लागतो.

लघुतरंग

एवढा खटाटोप कशाला? एका जलद कंपॅरेटरने साइनची स्क्वेअर वेव्ह करा, मग लॉजिकचे बफर लावा, एका आयसीत सहा वाटा. ॲम्प्लिट्यूडची भानगड मिटली.

रोहिणी

डिजिटल गोष्टींना, एफपीजीएला किंवा एसडीआरला, खरंच चालेल. जपायचं ते पहिल्या रूपांतराला. +१३ डीबीएमची साइन शून्य ओलांडताना ८९ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद वेगाने जाते. कंपॅरेटरच्या तोंडाशी १०० मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉइज असेल तर कड १.१ पिकोसेकंद थरथरते. सिग्नल ० डीबीएम असेल तर त्याच्या चौपटीहून जास्त. शिवाय कंपॅरेटर फक्त कडेपाशी बघतो, म्हणून त्याच्या सगळ्या बँडविड्थमधला नॉइज दुमडून कॅरिअरजवळ येतो. सहा बफरांचा सप्लाय एकच, तेव्हा एका वाटेचा लोड बदलला की बाकीच्या पाचांच्या कडा सरकतात. आणि हार्मॉनिक लांबपर्यंत पसरतात. रिसीव्हर जवळ असेल तर ३०, ५०, ७० मेगाहर्ट्झला ते सापडतीलच.

तापमापक

तापमानाकडे अजून कोणी वळलं नाही, म्हणून लिहितोय.

साइन स्वच्छ दिसावी म्हणून प्रत्येक आउटपुटला तीव्र बँडपास फिल्टर लावायची फार हौस असते. ॲनालायझरवर चित्र देखणं दिसतं. पण क्यू (फिल्टर किती तीव्र याचा आकडा) १० चा फिल्टर घ्या. त्याचा कपॅसिटर डिग्रीला १०० पीपीएमने (दहा लाखांत १०० भाग) हलतो असं धरा. मध्यबिंदू ५० पीपीएमने सरकला. फेज बदलली २ × १० × ५० पीपीएम, म्हणजे १ मिलिरेडियन. १० मेगाहर्ट्झला १६ पिकोसेकंद, प्रत्येक डिग्रीला. खोली १००० सेकंदांत एक डिग्रीने तापली तर तेवढा वेळ फ्रिक्वेन्सी १.६ × १०⁻¹⁴ ने चुकीची दिसते. छोटा आकडा वाटेल, पण इतरांनी वर ज्या पातळीचा विचार केलाय तीच ही पातळी आहे.

म्हणून फिल्टर हवाच असेल तर क्यू २–३ चा लो-पास. कपॅसिटर सी-झीरो-जी, त्यांची हमी ±३० पीपीएम प्रति डिग्रीची असते. कॉइलला पावडर आयर्नचा टोरॉइड असेल तर पिवळा, टाइप ६ वाला, ३५ पीपीएमचा. लाल टाइप २ वाला ९५ पीपीएमचा आहे.

केबलही विसरू नका. साध्या सॉलिड पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, १० मेगाहर्ट्झला ते १८ अंश. दहा मीटर म्हणजे ५० नॅनोसेकंद. केबल डिग्रीला १०० पीपीएमने बदलली तर ५ पिकोसेकंद. टेफ्लॉनची केबल महाग म्हणून स्थिर, असं समजू नका. टेफ्लॉनची रचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि तिथे फेजचा आलेख एकदम वळतो. राहत्या खोलीच्या तापमानाला हा फार अडचणीचा आकडा आहे.

कंपनवेडा

खूप खूप आभार, सगळ्यांचेच. ऑपॅम्पच्या तीन वाटा आणि सुट्या ट्रान्झिस्टरच्या दोन, असं ठरवतोय.

सप्लाय आणि ग्राउंडबद्दल विचारायचं होतं. जीपीएसडीओ एका प्लगवर, ट्रान्सव्हर्टर दुसरीकडे. सगळ्या बीएनसी कनेक्टरांचे शील्ड ॲम्प्लिफायरच्या डब्यात एकत्र येणार. तिथून हम (मेन्सची घरघर) शिरेल ना?

स्थिरकंप

शिरेल. ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्यांचे हार्मॉनिक कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना काट्यांसारखे उभे राहतात आणि १० गिगाहर्ट्झवर तेच ६० डेसिबल वर येतात. मालिकेत डीसी ब्लॉक लावून उपयोग नाही, तो मधल्या तारेला अडवतो आणि हमचा करंट शील्डमधून वाहत असतो.

उपाय ट्रान्सफॉर्मर. आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू डब्याच्या ग्राउंडपासून सुटी ठेवा, बीएनसी इन्सुलेटेड घ्या. शील्ड पूर्ण तरंगत ठेवला तर तो अँटेना होतो, म्हणून शील्ड ते डबा १० नॅनोफॅरड. ५० हर्ट्झला तो ३१८ किलोओहम दिसतो, १० मेगाहर्ट्झला १.६ ओहम. हम अडला, आरएफ बांधला गेला.

सप्लाय: एक मुख्य लिनिअर रेग्युलेटर, आणि त्यानंतर प्रत्येक वाटेला स्वतंत्र आरसी किंवा कपॅसिटन्स मल्टिप्लायर. दोन कारणांनी. एक, सप्लायचा नॉइज कलेक्टर-बेसचा कपॅसिटन्स हलवतो आणि तो व्हॅरॅक्टरसारखा (व्होल्टेजने बदलणाऱ्या कपॅसिटरसारखा) फेज ओढतो. दोन, सप्लायची सामाईक तार ही वाटेवाटेतली चोरवाट आहे. कॅस्कोडने कमावलेलं आयसोलेशन तिथून निसटतं. स्विचिंग सप्लाय या डब्यात आणूच नका.

रोहिणी

आणि मोजायची तयारी आत्ताच ठेवा. आयसोलेशन मोजायला छोटे हातातले व्हीएनए (नेटवर्क ॲनालायझर) पुरत नाहीत, त्यांचा आवाका ७०–८० डेसिबलला संपतो. दुसरा ऑसिलेटर १० मेगाहर्ट्झपासून काही किलोहर्ट्झ बाजूला लावा, तो एका आउटपुटमधून उलटा आत ढकला, आणि दुसऱ्या आउटपुटवर स्पेक्ट्रम ॲनालायझर अगदी अरुंद आरबीडब्ल्यूवर (रिझोल्यूशन बँडविड्थवर) ठेवून शोधा. मुख्य इनपुटला सिग्नल नको, पण ५० ओहमचं टर्मिनेशन हवं.

ॲम्प्लिफायरचा स्वतःचा फेज नॉइज मोजायचा तर स्रोत दोन भागांत वाटा, एका हातात ॲम्प्लिफायर, दुसऱ्यात तेवढ्याच विलंबाची केबल, आणि दोन्ही डबल बॅलन्स्ड मिक्सरवर ९० अंशांत आणा. स्रोताचा नॉइज दोन्हीकडे सारखा म्हणून वजा होतो, राहतो तो ॲम्प्लिफायरचा. मिक्सरचं आउटपुट चांगल्या साउंड कार्डमध्ये गेलं की १ हर्ट्झपासून पुढचं चित्र दिसतं.

कंपनवेडा

डबा उभा राहिला, मोजमापं देतो.

ऑपॅम्पच्या वाटा एकमेकींशी ७२ ते ७६ डेसिबल. सुट्या ट्रान्झिस्टरच्या दोन वाटा एकमेकींशी सुरुवातीला ९१. दोन कॉमन बेस असताना एवढंच का, म्हणून शोधायला बसलो. आउटपुट क्रमांक ५ मध्ये दुसरा ऑसिलेटर ढकलला, ४ वर ॲनालायझर. एक टाचणीएवढा लूप केबलला जोडला आणि बोर्डवर फिरवला. ट्रान्झिस्टरांवर शांत. सप्लायच्या पट्टीवर आलं की टोन वर उसळत होता. दोन्ही वाटांचे आरसी फिल्टर होते, पण दोघांचे कपॅसिटर ग्राउंड प्लेनला एकाच व्हायाने (बोर्डचे थर जोडणाऱ्या छिद्राने) उतरत होते. ती जोडणी कापून प्रत्येकाला स्वतःच्या तीन व्हाया दिल्या आणि मध्ये पत्र्याचा पडदा सोल्डर केला. आता टोन ॲनालायझरच्या फ्लोअरमध्ये गेला, म्हणजे ११० हून चांगलं. त्याच्या पुढे मला मोजता येत नाही.

ट्रान्सव्हर्टरचा टोन स्वच्छ आहे. जनरेटर चालू-बंद केला तरी हलत नाही. १०० हर्ट्झचा एक बारीक काटा उरलाय.

स्थिरकंप

वा, फार छान काम. एकाच व्हायावरून उतरलेले दोन कपॅसिटर हा नेमका असा दोष आहे जो सर्किटच्या चित्रात कधीच दिसत नाही.

१०० हर्ट्झचा काटा बघायचा तर आधी ट्रान्सव्हर्टरची वाट सोडून बाकी सगळ्या केबल काढा. गेला तर एखाद्या वाटेचा शील्ड अजून डब्याला टेकलेला आहे. राहिला तर मुख्य रेक्टिफायरनंतरचा रिपल, किंवा सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र टोरॉइडमध्ये शिरतंय. ट्रान्सफॉर्मर हाताने थोडा फिरवून बघा, काटा कमी-जास्त झाला तर क्षेत्रच.

कंपनवेडा

फिरवला, काटा १४ डेसिबलने खाली गेला. क्षेत्रच होतं. ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढतोय.

नवाग्राहक

धागा वाचून काढला, फार कामाचा आहे. माझ्याकडे व्हिडिओचा एक जुना डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर पडून आहे, १ इनपुट ६ आउटपुट, ७५ ओहम. माझं काम फक्त दोन काउंटर आणि एक जनरेटर. चालेल का?

बोर्डवाला

चालेल, तीन गोष्टी बघून. ७५ आणि ५० ची गाठ पडते तिथे परावर्तन ०.२, म्हणजे रिटर्न लॉस १४ डेसिबल. काउंटरला ते खपतं, केबल लहान असेल तर तर नक्कीच. दुसरं, व्हिडिओची पातळी १ व्होल्ट शिखर ते शिखर असते आणि तुमचा +१० डीबीएम ५० ओहमवर २ व्होल्ट आहे. इनपुटला ६ डेसिबलचा पॅड लावा, नाहीतर शेंडे कापले जातील. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: आत क्लॅम्प किंवा डीसी रिस्टोअर असेल तर तो बंद करा. तो सिंक पल्स शोधत बसतो आणि साइनच्या खालच्या टोकाला धरून ओढतो.

स्थिरकंप

आणि ज्या आउटपुटना काही जोडलेलं नाही त्यांना ७५ ओहमची टर्मिनेशन लावून ठेवा. उघड्या वाटेवरून परतलेला सिग्नल आतल्या आत शेजारच्या वाटेत जातो, आणि कोणी तिथे केबल जोडली-काढली की तुमच्या काउंटरवरची फेज उडी मारते. पुढे कधी मायक्रोवेव्हकडे वळलात तर मात्र त्या एका उपकरणापुरती कॅस्कोडची वेगळी वाट बांधा, आणि तिचा सिग्नल व्हिडिओ ॲम्प्लिफायरच्या आधी, थेट ऑसिलेटरकडून घ्या.